खालच्या दोन ओळी

कुंदा, तुझ्या जाण्याची बातमी मीच लिहिली. चार ओळी झाल्या. नाव, वय, गाव, शाळेत मराठी शिकवत होतीस हे, आणि मागे वडील व एक भाऊ. छपाईला देण्याआधी मी ती दोनदा तपासली. तीत एकही चूक नव्हती, आणि तू कुठेच नव्हतीस.

आता रविवारच्या पुरवणीत मला दीड स्तंभ मिळाला आहे. आमच्याकडे काही चुकीचं छापलं गेलं तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती देतात. अमुक गृहस्थांचं नाव असं हवं होतं, अमुक सभा तमुक गावी झाली. मलाही एक दुरुस्तीच द्यायची आहे. तिला अकरा वर्षं उशीर झाला आहे आणि जिचं त्या चुकीने नुकसान झालं ती आता अंक उघडणार नाही. एवढं सोडलं तर काम नेहमीचंच आहे.

वाचकांना गावपळण समजावून द्यावी लागेल. तू तेवढं थांब. आचऱ्याकडे आहे तशी आपल्या गावालाही ती प्रथा आहे. काही वर्षांनी एकदा, मार्गशीर्षात, देवाचा कौल होतो आणि सगळं गाव खाडीला वळसा घालून वेशीबाहेरच्या माळावर तीन दिवस झोपड्यांत राहायला जातं. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या आणि कुत्रीही जातात. निघताना चुली विझवतात, मागल्या दारच्या न्हाणीतले पाण्याचे हंडे रिकामे करून पालथे घालतात आणि पुढच्या दाराला कुलूप लावतात. तीन दिवस गाव देवाचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल मागायचा, मिळाला की परतायचं. देवासमोर उभं राहून गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालण्याचा मान आपल्या घराचा. म्हणजे तेव्हा आबांचा, आपल्या वडिलांचा.

त्या वर्षी तिघे जण गेले नाहीत. खाडीत होडी चालवणाऱ्यांच्या घरातला बाबी आणि त्याचे दोन मित्र. तिघेही विशीतले. गावच्या वाचनालयात बसून त्यांनी ठरवलं की हे असलं आता बंद व्हायला हवं, आणि ते आपणच बंद करायचं. गाव निघालं तेव्हा ते देवळासमोरच्या पारावर पाय हलवत बसले होते. आबा गुरं घेऊन त्यांच्यापुढून गेले.

"चला रे पोरांनो. कौल झालो."

"तुमका झालो, आबानू," बाबी म्हणाला. "आमका खंय कोणी इचारल्यान?"

आबा थांबले नाहीत. हे मला आईच्या पत्रातून कळलं. मी मुंबईत होतो, या वर्तमानपत्रात उपसंपादक होऊन तीन वर्षं झाली होती. शेवटी तिने एवढंच लिहिलं होतं की आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्या पंधरवड्यात तुझी कविता आली. वहीच्या फाडलेल्या पानावर, निळ्या शाईत, आठ ओळी. खाली चिठ्ठी: "भाई, बरी वाटली तर छाप. नाहीतर पान परत पाठव, वही उगाच फाटली." ती पुरवणीत छापून आली ती अशी:

तिघे

गाव देवाला भिऊन गेलं, तिघे राहिले.
परक्या ओटीवर पाय पसरून तिघे राहिले.
रिकाम्या वाटेला हाका मारत तिघे राहिले.
वाट काही बोलली नाही, तिघे राहिले.
चुली निजल्या, कुलपं जागी, तिघे राहिले.
देवाच्या दारात विडी ओढत तिघे राहिले.

आठ ओळी आल्या होत्या. सहा छापल्या. शेवटच्या दोन मी कापल्या.

बातमी कशी लिहायची हे आम्हांला पहिल्या आठवड्यात शिकवतात. महत्त्वाचं सगळं वर. मग जागा कमी पडली की पान लावणारा डोळे झाकून खालून कापू शकतो आणि वाचकाचं काही जात नाही. तीन वर्षं मी रोज खालून कापत होतो. हाताला ते वळण पडलं होतं. तुझी कविताही मी तशीच वाचली. शेवटच्या दोन ओळींत "तिघे राहिले" नव्हतं. मला वाटलं तुझा दम तिथे संपला. विडीवर थांबली तर कविता ताठ उभी राहत होती, आणि मला ती ताठ हवी होती. त्या दिवसांत आमच्या पहिल्या पानावर रोज मोर्चे आणि सभा असत. गावाकडची तीन पोरं देवापुढे विडी ओढतात हे त्या पानाशी जुळणारं होतं. शिवाय खालच्या ओळींत एक घटना होती. ती कोणी केली ते तू लिहिलं नव्हतंस आणि आईच्या पत्रातही तिचा उल्लेख नव्हता. ज्याला दुसरीकडून आधार नाही ते छापायचं नाही, हाही आमचा नियम. मी पेन्सिलने दोन रेघा मारल्या. त्यासाठी मला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

तुला मी लिहिलं, "जागा नव्हती."

जागा होती. दोन ओळी कापल्यावर तिथे दोन ओळींची पोकळी राहिली आणि फोरमनने ती भरायला काहीतरी मागितलं. आमच्या खणात गृहिणींसाठी छोट्या सूचना कंपोझ करून ठेवलेल्या असतात. मी एक दिली. तुझ्या कवितेच्या खाली, मध्ये रेघसुद्धा न टाकता, छापलं गेलं: "कपड्यावर खोबरेल तेलाचा डाग पडल्यास त्यावर तांदळाचे पीठ चोळावे व थोड्या वेळाने झटकून टाकावे."

रविवारचा अंक आपल्या गावी मंगळवारी दुपारी पोचतो. आबा तो घरापुढच्या खळ्यात बसून मोठ्याने वाचतात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, जाहिराती धरून. ऐकायला पाच-सहा मानकरी असतातच. त्या मंगळवारचं तू मला कधी सांगितलं नाहीस, आईने सांगितलं. तुझं नाव दिसल्यावर आबांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ऐका. आमच्या चेडवाचा नाव इलाहा." आणि तुझं पूर्ण नाव, खालचं गावाचं नाव, असं दोनदा वाचलं. पहिल्या ओळीला त्यांचा आवाज देवळात असतो तसा होता. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळे गप्प झाले. आबांना मध्येच थांबता येत नाही, गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नसतं ही आयुष्यभराची सवय. ते विडीच्या ओळीपर्यंत गेले, आणि त्याच आवाजात, त्याच श्वासात, पुढेही वाचत गेले. पीठ चोळावे. झटकून टाकावे.

एक जण हसला. दुसरा म्हणाला, "आबानू, ह्या तुमच्याच चेडवान लिवल्यान?"

आबांनी अंक घडी घालून खांबाच्या खाचेत ठेवला. "जेच्या घरात थट्टा झाली तेणी देवाफुडे तोंड उघडूचा नाय," एवढंच म्हणाले. पुढच्या गावपळणीला गाऱ्हाणं चुलत्यांनी घातलं. कोणी आबांना बाजूला केलं नव्हतं. ते आपणहून झाले. तुझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं. "तिका सांग दार लाव," असं ते आईला सांगत, आणि तू समोरच असायचीस.

मी मे महिन्यात गावी आलो तेव्हा हे सगळं कळलं. आणि आईने त्याच दमात आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिला पत्रात लिहिण्याजोगी वाटली नव्हती कारण ती, तिच्या मते, माझ्यासारख्याला पटणारी नव्हती. गाव परतलं तेव्हा काही घरांचे हंडे उताणे होते आणि पाण्याने भरलेले होते. सगळी घरं म्हाताऱ्या माणसांची, जी माळावरून पाय ओढत सगळ्यांत शेवटी पोचली. आबा सरळ देवळात गेले आणि सगळ्यांसमोर सांगून आले की देवाने पाणी भरलं. एवढ्या पिढ्यांत असं कधी झालं नव्हतं, ते आपल्या वेळी झालं, असं आबा म्हणाले.

म्हणजे तुझी खालची घटना खरी होती. मी एक खरी बातमी कापली होती.

मी मागल्या दारी गेलो. तू न्हाणीपाशी भांडी घासत होतीस.

"हंडे बाबीने भरले?"

"कवितेत काय आसा?"

"कोणी भरले ते नाही."

"मगे तसाच छापूचा. तुका खंय साक्षीक उभो केल्लो?"

"जागा नव्हती, कुंदा."

तू हात धुतलेस, पदराला पुसलेस. "भाई, तेलाचो डाग कसो काढतत रे?"

मी हसलो. तूही हसलीस. त्यानंतर दर वेळी मी गावी आलो की एकदा तरी तू तो प्रश्न विचारायचीस, जेवताना, एस.टी.ची वाट बघताना, आईच्या तेराव्याला माझ्या धोतरावर वरण सांडलं तेव्हासुद्धा. तुला सगळं ठाऊक होतं, तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी अकरा वर्षं फक्त हसत राहिलो. "मी कापल्या" हे दोन शब्द मी तुझ्यासमोर कधी उच्चारले नाहीत. आज लिहिले, वर.

त्या दिवशी मी एक मात्र म्हणालो. पुढच्या रविवारी पूर्ण कविता छापतो, सगळं सरळ होईल.

"नको," तू म्हणालीस. "आबा देवळात सांगान इले. आता हंडे पोरांनी भरल्यानी म्हणान छापलंस तर तेंका काय रवला? माका बोलणत नाय, ता चलात. देवान पाणी भरल्यान म्हणान ते तरी सुखान जेवतत."

मी म्हणालो की हे अन्यायाचं आहे. तू म्हणालीस, "आसंदे." आणि घासलेलं भांडं माझ्या हातात दिलंस.

या कवितेवरून आपण किती भांडलो! पत्रांतून तू पुस्तकी मराठीत भांडायचीस, समोर मालवणीत, आणि दोन्हींत जिंकायचीस. मी म्हणायचो की ही उपरोधाची कविता आहे. "देवाला भिऊन" हे शब्द जिथे पहिल्या ओळीत येतात तिथे कवी कोणाच्या बाजूला आहे ते उघड आहे. तू लिहिलंस: "गाव भिऊन गेलं, असं म्हटलंय. तिघे भ्याले नाहीत, असं कुठे म्हटलंय?" मी कुलपांवरून चिडवलं. कुलपं जागी कशी? तू लिहिलंस की परीक्षेत याला चेतनगुणोक्ती म्हणतात आणि दोन गुण देतात, पण खरं कारण असं की निर्जीव वस्तूंकडे माणूस जिवंत असल्यासारखं तेव्हाच बघतो जेव्हा त्याला कोणीतरी हवं असतं. "त्या गावात तिघांशी बोलायला दुसरं होतं कोण? वाटेला हाक मारून बघितली, ती बोलली नाही. मग राहिली कुलपं."

अलंकार ओळखा, या प्रश्नाचा तुला राग होता. मुलं ओळखतात आणि पुढे जातात, म्हणायचीस. जसा रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला की हात करून पुढे जातात. तो तिथे का उभा आहे हे कोणी विचारत नाही.

एकदा तू मला आणायला थांब्यावर आली होतीस आणि आपण खाडीच्या काठाने घरी चाललो होतो. मी पुन्हा तेच काढलं. एकच वाक्य सहा वेळा म्हणजे घोषणा, मी म्हणालो, मोर्चात असते तशी. तू थांबलीस. पिशवी खाली ठेवलीस.

"आयक," म्हणालीस, आणि "तिघे राहिले" हे तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून दाखवलंस. पहिल्यांदा मूठ वळून, माझी घोषणा. तू ती इतकी हुबेहूब केलीस की बांधावरच्या बायकांनी मान वळवली. दुसऱ्यांदा हळू, एकमेकांना चिकटून बसलेल्या पोरांनी आपण किती आहोत ते पुन्हा पुन्हा मोजावं तसं. "हट्टी पोर एकच वाक्य धरून बसता. कित्याक? भियेलेला असता म्हणान." आणि तिसऱ्यांदा आईच्या आवाजात, रात्रीचं जेवण वाढायला घेतल्यावर घरात कोण आलं नाही ते मोजताना ती बोलायची तसं.

"ह्यातलो खरो सूर खंयचो?" मी विचारलं.

"तीनय. पण ते शेवटाक कळता. सा वेळा एकच आयकलंस, की सातव्या वेळेक तू तेची वाट बघतंस. ता येणा नाय. तेच्या जाग्यार पाणी येता." तू पिशवी उचललीस. "आणि ही कविता मोठ्यान वाचूची नाय. आबांनी मोठ्यान वाचल्यानी, थंयच घात झालो."

घात कुठे झाला होता ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. तू दोष आबांच्या आवाजाला दिलास आणि मला सोडून दिलंस. त्यावेळी मी ते मान्य केलं, याची नोंद इथे असू दे.

तुझं लग्न का झालं नाही, याची गावात तीन-चार कारणं सांगतात. कविता त्यांत एक आहे. खरं कारण तू मला सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आई गेल्यावर आबांचे निरोप तुला पोचवायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांना तुझ्याशी बोलावं लागलं. "पेज झाली?" "होय." "पाणी तापला?" "तापला." दोन वर्षं एवढंच. मी एकदा विचारलं, आबा आता बोलतात ना? तू म्हणालीस, "बोलतत. तुझ्या तारेसारखे. शब्दाक पैसे पडतत."

आता तुला माहीत नाही ते सांगतो.

तुझ्या दहाव्याला खाडीवर बाबी आला. आता त्याची स्वतःची मोठी होडी आहे, केस पुढून गेले आहेत, मुलगी तुझ्याच शाळेत तिसऱ्या इयत्तेत. तो बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसला. मग म्हणाला, "बाय गेली. आता सांगूक हरकत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्याजवळचं खायचं संपलं होतं. वाचनालयात क्रांती ठरली, पण तांदूळ कोणी आणायचे ते ठरलं नव्हतं. चूल पेटवावी तर धूर माळावरून दिसणार. "आमी देवाक भियालंव नाय, भाई. भुकेक भियालंव." तिसऱ्या दिवशी बाबी होडी घेऊन खाडीपलीकडे माळाच्या कडेला आला. झोपडीमागे तू एकटी होतीस. त्याने भाकरी मागितली.

"माका म्हणाली, भाकरी फुकट गावाची नाय. हांडे भरूक होये."

"कोणाचे?"

"ताच मियां इचारलंय. म्हणाली, तुमका काय कळतला? आणि होडयेत येवन बसली."

भर दुपारी, सगळा माळ जेवून आडवा झालेला असताना, तू वेशीच्या आत आलीस. गाऱ्हाणं घालणाऱ्याची मुलगी. पकडली गेली असतीस तर आबांनाच देवळात उभं राहून तुझं नाव घ्यावं लागलं असतं. तू तिघांना विहिरीवर लावलंस आणि स्वतः पुढे होऊन कोणाचं मागलं दार ते दाखवत गेलीस. बाबी म्हणतो, त्याने अकरा हंडे मोजले. मग तू भाकऱ्या दिल्यास, पाठीत दणका घालून शपथ घातलीस की हे कोणाला सांगायचं नाही, आणि त्याच होडीने परत गेलीस. पोरांनी शपथ पाळली. त्यांना न पाळून चालणार नव्हतं; बंडखोरांनी भाकरीसाठी पाणी भरलं हे त्यांनी सांगायचं तरी कोणाला?

"गाव परत इला, आणि म्हणाक लागला, देवान भरल्यान," बाबी म्हणाला. "आमी देव झालंव, भाई. आणि कोणाक सांगूक येयना." तो हसला आणि मग त्याला हसता येईना.

तू पोरांना शपथ घातलीस आणि स्वतः लिहून मोकळी झालीस, कोणी भरले एवढं मात्र ओळीत ठेवलं नाहीस. कविता तिघांची. चौथी तीत नाही. बातमीत "कोण" हा प्रश्न पहिला असतो. मी तो विचारला आणि उत्तर नाही म्हणून ओळ कापली. उत्तर वहीचं पान फाडून पाठवणारी होती.

बाराव्या दिवशी आबा खळ्यात बसले होते. माणसं जेवून गेली होती. ते माझ्याशी बोलत होते की खांबाशी, मला कळलं नाही. म्हणाले, "तिना माजी थट्टा केल्यान. पण माजी पेज कधी चुकवल्यान नाय."

तेवढ्या एका वाक्यावर मी तुझा शब्द मोडायचं ठरवलं. तू जे राखत होतीस त्याची किंमत तू भरत होतीस तोवर तो तुझा हक्क होता. आता ती आबा भरणार होते. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मुलीने आपली थट्टा केली असं समजून, रोज पेज पिताना.

मी वहीचं पान मुंबईहून येतानाच घेऊन आलो होतो. का, ते मला सांगता येणार नाही.

"आबानू," मी म्हणालो, "ती कविता पुरी नव्हती. खालच्यो दोन वळी मियां कापलंय."

"कित्याक?"

"जागा नव्हती म्हणान तिका सांगलंय. जागा होती."

मी पूर्ण कविता वाचली. तू सांगितलं होतंस तशी, हळू. मग बाबीने सांगितलेलं सगळं सांगितलं, भाकरीसकट, होडीसकट.

बराच वेळ त्यांनी चष्म्याची काडी उघडली आणि मिटली.

"म्हणजे मियां देवळात खोटा सांगलंय?"

"तुम्हांला माहीत नव्हतं."

"तिका म्हायत होता."

"होय."

"अकरा वर्सां. मी बोलणय नाय, तरी सांगल्यान नाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कित्याक रे?"

मग त्यांनीच विचारलं, "आमचो हांडो?"

"बाबी म्हणता, पयलो तोच. आपल्या घरात तुम्हीच म्हातारे होतात."

आबा उठले. भिंतीला धरत घरातून मागल्या दारी गेले. मी मागोमाग गेलो नाही. न्हाणीतून तांब्या हंड्याला लागल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, सदऱ्याची बाही भिजली होती.

"वाच परत," म्हणाले.

मी वाचली. या वेळी शेवटच्या ओळीला त्यांचे ओठ हलले.

"आता सगळी छाप," आबा म्हणाले. "आणि खाली ता डागाचा घालू नको."

रविवारचा हा अंक मंगळवारी दुपारी गावी पोचेल. आबा तो खळ्यात बसून वाचतील. मोठ्याने वाचू नका असं मी त्यांना सांगितलं आहे. ते ऐकतील असं वाटत नाही. दुरुस्ती खालीलप्रमाणे.

तिघे

गाव देवाला भिऊन गेलं, तिघे राहिले.
परक्या ओटीवर पाय पसरून तिघे राहिले.
रिकाम्या वाटेला हाका मारत तिघे राहिले.
वाट काही बोलली नाही, तिघे राहिले.
चुली निजल्या, कुलपं जागी, तिघे राहिले.
देवाच्या दारात विडी ओढत तिघे राहिले.
तिसऱ्या दुपारी मागल्या दारचे हंडे भरले;
म्हाताऱ्यांना लांबून चालत यायचं होतं.